बटण दाबायला परभणी गाठू नका: सर्व्हरच्या बीएमसीची जोडणी आणि सेटिंगचा बॅकअप

ऐन कापसाच्या हंगामात परभणीजवळच्या एका जिनिंगमधून रात्री अकराला फोन आला. "सायेब, सर्वर बंद पडलंय. लाइट जाऊन आली, तवापासून चालूच व्हईना." मी संभाजीनगरात. फोनवर विचारत बसलो, दिवा कुठला लागलाय, पंख्याचा आवाज येतोय का. वॉचमनला सर्व्हर कुठला आणि यूपीएस कुठला हेच ठाऊक नव्हतं, त्यात त्याचा काय दोष! शेवटी रात्रीची गाडी धरली. पहाटे पोचलो, सर्व्हरचं पुढचं बटण दाबलं, आणि तो मुकाट्याने चालू झाला. दोनशेक किलोमीटर, एक बटण.

चहा पिता पिता सर्व्हरच्या मागे डोकावलो. नेटवर्कच्या दोन पोर्टमध्ये वायरी होत्या. तिसरं जरा बाजूला, त्यावर पान्याचं बारीक चिन्ह आणि तोंडावर रबरी टोपी. टोपीवर रुईचे तंतू बसून करडा थर झालेला. विकत घेतल्या दिवसापासून ते पोर्ट कोणी उघडलंच नव्हतं, आणि ती टोपी त्या दिवसापर्यंत न काढणाऱ्यांत मीही होतो.

हे नेमकं आहे काय

त्या पोर्टाच्या मागे बीएमसी असतो. बीएमसी म्हटलं की मराठी माणसाला मुंबई महापालिका आठवते, पण इथे अर्थ बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. सर्व्हरच्या बोर्डावर बसवलेला हा एक छोटा, स्वतंत्र संगणक. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःचा आयपी पत्ता आणि स्वतःचा पासवर्ड. मुख्य सर्व्हर बंद असला तरी प्लगात वीज आहे तोवर हा जागा असतो. त्यामुळे बंद सर्व्हर चालू करणं, अडकलेला रीसेट करणं, स्क्रीनवर काय दिसतंय ते घरून बघणं, बायोसमध्ये (सर्व्हर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाणं, सीडी घातल्यासारखी आयएसओ फाइल (सीडीची फाइलरूपी नक्कल) जोडणं हे सगळं त्याच्यामार्फत जमतं.

कंपनीगणिक नाव बदलतं. डेलचा आयड्रॅक, एचपीईचा आयलो, लेनोव्होचा एक्ससीसी. सुपरमायक्रोवाले सरळ आयपीएमआय म्हणतात. आयपीएमआय हे खरं तर सगळ्यांच्या सामाईक बोलीचं नाव. इंटेल आणि इतर कंपन्यांनी ती १९९८ साली आणली, दुसरी आवृत्ती २००४ मध्ये आली. रेडफिश ही नवी बोली २०१५ पासूनची. नवं यंत्र असेल तर रेडफिशच वापरा, कारण पुढे येईल.

आपल्या यंत्रात हा आहे का ते ओळखायला सोपं आहे. वायर प्लगात घाला, पॉवरचं बटण दाबू नका. मिनिटभरात बोर्डावर किंवा मागच्या पोर्टाशी बारीक दिवा लुकलुकू लागला तर बहुधा आहे. दुकानात 'सर्व्हर' म्हणून ठेवलेल्या साध्या डेस्कटॉपमध्ये तो बहुधा नसतो. तिथे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा, असंच काम करणारा पायकेव्हीएमसारखा बाहेरचा डबा लावता येतो, पण तो वेगळा विषय.

आधी चिकटपट्टीचा फोटो

मूळचा पासवर्ड कुठे असतो? एचपीईच्या सर्व्हरला पुढून ओढून बाहेर येणारी प्लास्टिकची पट्टी असते. तिच्यावर वापरकर्त्याचं नाव ॲडमिनिस्ट्रेटर आणि आठ अक्षरी पासवर्ड छापलेला असतो. जुन्या डेलमध्ये नाव रूट, पासवर्ड कॅल्विन आणि पत्ता १९२.१६८.०.१२०. जुन्या सुपरमायक्रोत नाव आणि पासवर्ड दोन्ही ॲडमिन, मोठ्या अक्षरांत. सगळ्या यंत्रांना एकच मूळ पासवर्ड ठेवायला मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्यानंतरच्या सुपरमायक्रो बोर्डांवर प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड चिकटपट्टीवर येऊ लागला. लेनोव्होच्या मूळ पासवर्डमध्ये 'ओ'च्या जागी शून्य असतं, हे कळेपर्यंत माझा एकदा अर्धा तास गेला होता.

पट्टीचा फोटो काढा, सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर फोटोत वाचता आला पाहिजे. मग पासवर्ड लगेच बदला. आयपीएमआयची पासवर्डला वीस अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे लांबलचक वाक्य टाकलंत तर काही यंत्रं ते नाकारतात. रोजच्या कामासाठी वेगळं खातं करा. मूळ खातं लिफाफ्यात घालून मालकाच्या कपाटात.

आपल्याकडे बरेच जण पुण्या-मुंबईहून जुने, नूतनीकरण केलेले सर्व्हर आणतात. स्वस्त पडतात, हरकत नाही. पण आधीच्या मालकाची खाती त्या बीएमसीत तशीच असू शकतात. आल्याआल्या फॅक्टरी रीसेट करा आणि कंपनीच्या साइटवरून फर्मवेअर, म्हणजे बीएमसीचं आतलं सॉफ्टवेअर, नवं चढवा. परवानाही तपासा: डेलमध्ये दूरची स्क्रीन दिसायला एंटरप्राइज किंवा त्यावरचा परवाना लागतो, एचपीईत विंडोज किंवा लिनक्स सुरू झाल्यावरही स्क्रीन हवी तर ॲडव्हान्स्ड. परवाना नसला तरी चालू-बंद करणं, तापमान आणि बिघाडांची नोंदवही मिळते. नुसत्या तेवढ्यानेही माझी परभणीची खेप वाचली असती.

पत्ता देणं

पहिल्यांदा तरी सर्व्हरपाशीच बसावं लागतं. सुरू होताना डेलमध्ये एफ-टू, एचपीईत एफ-नाइन, लेनोव्होत एफ-वन, सुपरमायक्रोत डिलीट दाबा आणि बीएमसीच्या नेटवर्कचं पान शोधा. तिथे स्थिर आयपी द्या.

पत्ता निवडताना १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होणारा टाळा. तुमच्या घरच्या वायफायचा पत्ताही तोच असणार, आणि व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधल्या खासगी बंद वाटेवरून, जोडताना संगणकाला कळत नाही की तुम्ही लातूरचा १९२.१६८.१.५० मागताय की घरच्या टीव्हीचा. मी प्रत्येक ठिकाणाला वेगळी मालिका देतो: परभणीला १०.२०.१, लातूरला १०.२०.२, जालन्याला १०.२०.३. आकडा बघितला की गाव कळतं.

त्याच पानावर 'डेडिकेटेड' की 'शेअर्ड' असा पर्याय दिसेल. डेडिकेटेडच निवडा, म्हणजे बीएमसी फक्त आपल्या पोर्टवर बोलेल. सुपरमायक्रोत 'फेलओव्हर' हा मूळ पर्याय असतो, आणि तो फसवतो: वेगळ्या पोर्टात वायर नसेल तर बीएमसी गुपचूप सर्व्हरच्या पहिल्या नेटवर्क पोर्टवर जाऊन बसतो. ते पोर्ट थेट इंटरनेटला जोडलेलं असेल तर तुमच्या यंत्राची किल्ली चौकात टांगलेली आहे.

आणखी एक सेटिंग, आपल्या भागात सगळ्यांत कामाचं: वीज गेल्यावर परत आली की सर्व्हरने काय करायचं. 'बंद राहा', 'आधी होतास तसा हो' आणि 'चालू हो' असे तीन पर्याय असतात. परभणीला 'बंद राहा' होतं, बाकी काहीच बिघडलेलं नव्हतं. आता थेट 'चालू हो' करायचा मोह होईल, पण मधला पर्याय बरा. शक्य असेल तिथे काही मिनिटांचा उशीरही लावा. कारण लाइट आली की दहा मिनिटांत पुन्हा जायची सवय आपल्याला आहेच. यूपीएसची बॅटरी रिकामी असताना सर्व्हर उठला आणि पुन्हा झोपला, तर डेटाबेसचं वाटोळं होतं.

घरून पोचायचं कसं

राउटरवर पोर्ट उघडून बीएमसी सरळ इंटरनेटवर ठेवू नका. "पासवर्ड अवघड आहे की" हे उत्तर इथे चालत नाही. आयपीएमआय यूडीपीच्या ६२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं, आणि त्याच्या रचनेतच खोट आहे: वापरकर्त्याचं नाव बरोबर असेल तर लॉगिन व्हायच्या आधीच बीएमसी पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डपासून बनवलेलं सांकेतिक रूप, समोरच्याला देऊन टाकतो. पुढे तो फोडायला चोराकडे वेळच वेळ. फर्मवेअर बदलून ही खोट जात नाही. २०१७ मध्ये आयलो-४ ची अशी चूक उघड झाली की २९ वेळा 'ए' हे अक्षर पाठवलं की पासवर्डाशिवाय दार उघडायचं. ती जुनी गोष्ट म्हणाल, तर अनेक कंपन्यांच्या बोर्डांत असणाऱ्या मेगारॅक या फर्मवेअरमधली लॉगिन चुकवणारी त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात असल्याची नोंद जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने केली. म्हणून 'आयपीएमआय ओव्हर लॅन' लागत नसेल तर बंदच करा, आणि वेब पानापर्यंत व्हीपीएनमधूनच जा.

त्यासाठी मी वायरगार्ड हे व्हीपीएन वापरतो. तालुक्याच्या ठिकाणी एक अडचण हमखास येते: इंटरनेटवाला तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाही, शेकडो ग्राहकांना मिळून एक देतो. बाहेरून आत येताच येत नाही. मग उलटं करायचं. सार्वजनिक पत्ता असलेलं एक टोक हवं, मुख्य कार्यालय किंवा महिन्याच्या भाड्याचं छोटं क्लाउड यंत्र. जिनिंगमधल्या राउटरने स्वतःहून त्या टोकाला फोन लावून ठेवायचा. ओपनडब्ल्यूआरटी किंवा मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्ये वायरगार्ड आहेच. सेटिंगमध्ये 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, नाहीतर रिकामी बसलेली जोडणी मधल्या यंत्रांकडून तोडली जाते. 'अलाउड आयपीज'मध्ये फक्त बीएमसीची मालिका लिहा. तुमच्या लॅपटॉपवरून जिनिंगचं अख्खं ऑफिस दिसायची गरज नाही.

आणि हे व्हीपीएन त्याच सर्व्हरवर चालवू नका. हसू नका, मी पाहिलंय. सर्व्हर बंद पडला की तो चालू करायची वाटही बंद. व्हीपीएन राउटरवर, राउटर यूपीएसवर, आणि बीएमसीची वायर ज्या स्विचमध्ये जाते तो स्विचही यूपीएसवर. स्विच बहुतेक जण विसरतात.

पहिल्यांदा वापरताना

ब्राउझरमध्ये पत्ता टाकलात की प्रमाणपत्राचा इशारा येईल. ते यंत्राने स्वतःच सही केलेलं असतं म्हणून. व्हीपीएनमध्ये आहात आणि पत्ता बरोबर आहे याची खात्री करून पुढे जा. फार जुन्या यंत्रांत स्क्रीन बघायला जावा लागतो आणि तो नव्या ब्राउझरमध्ये चालत नाही. फर्मवेअर चढवल्यावर अनेकदा एचटीएमएल-५ चा पर्याय मिळतो.

पॉवरच्या यादीत दोन-तीन सारखे दिसणारे शब्द असतात. 'ग्रेसफुल शटडाउन' म्हणजे सर्व्हरला नीट आवरून बंद व्हायला सांगणं. 'पॉवर ऑफ' म्हणजे थोबाडीत. 'पॉवर सायकल' म्हणजे थोबाडीत मारून परत उठवणं. आधी पहिलं, पाच मिनिटं थांबा, मगच बाकीचं.

आयएसओ फाइल दुरून जोडता येते, पण ती तुमच्या अपलोडच्या वेगाने जाते. चार जीबीची फाइल दहा एमबीपीएसवर म्हणजे साधारण ५५ मिनिटं, तेही मध्ये जोडणी न तुटता. त्यापेक्षा त्या जागीच एखाद्या छोट्या एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर) आयएसओ ठेवा आणि बीएमसीला तिथून उचलायला सांगा.

घड्याळही लावून घ्या. नेटवर्कवरून वेळ आपोआप जुळवणारं एनटीपी सुरू करा, वेळ भारताची. नोंदवहीत 'पंखा थांबला, १ जानेवारी १९७०' असं वाचून काय बोध घेणार?

आता बॅकअप

लोक डेटाचा बॅकअप घेतात, सेटिंगचा नाही. मीही घेत नव्हतो. लातूरच्या एका डाळमिलमध्ये वॉरंटीत मदरबोर्ड बदलला. इंजिनियर बोर्ड लावून गेला, सर्व्हर सुरू झाला, पण विंडोज उठेना. डिस्क ठणठणीत. फाटकाबाहेर तुरीच्या गाड्या, वजनकाट्याचं बिल निघेना. दिवस मावळताना उमगलं: जुनं विंडोज लेगसी या बूटच्या जुन्या पद्धतीने बसवलं होतं आणि नवा बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीवर होता. एक शब्द बदलायचा होता. पण तो शब्द कुठेच लिहून ठेवलेला नव्हता.

म्हणून पहिला बॅकअप मोबाइलचा: बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो. बूट मोड, बूटचा क्रम, साटा किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची रचना) यांतली पद्धत, व्हर्च्युअलायझेशन. गावठी वाटेल, पण हा कुठल्याही कंपनीच्या यंत्राला लागू पडतो.

मग फाइल. डेलमध्ये 'सर्व्हर कॉन्फिगरेशन प्रोफाइल' नावाची सोय आहे. आयड्रॅकच्या वेब पानावरून एक्सएमएल किंवा जेसनमध्ये निर्यात होते. तिच्यात आयड्रॅकसोबत बायोस, नेटवर्क कार्ड आणि रेडच्या सेटिंग येतात, म्हणून ती मला सगळ्यांत आवडते. आयलो-५ मध्ये 'बॅकअप अँड रिस्टोर' आहे, पण ती फाइल फक्त आयलोची, आणि त्याच यंत्रावर परत घालण्यासाठी. दुसऱ्या सर्व्हरवर नक्कल मारायला ती नाही. सुपरमायक्रोच्या मेंटेनन्स यादीत 'सेव्ह आयपीएमआय कॉन्फिगरेशन' मिळेल. तिच्यात बीएमसीपुरतंच असतं, बायोससाठी कंपनीचं एसयूएम हे वेगळं साधन. लेनोव्होच्या एक्ससीसीतही बॅकअप-रिस्टोर आहे.

यातलं काहीच नसलेल्या जुन्या यंत्रावर लिनक्स असेल तर आयपीएमआयटूल हा प्रोग्रॅम चालवा. 'लॅन प्रिंट', 'यूजर लिस्ट', 'सेल लिस्ट' या तीन आज्ञांचं उत्तर मजकुराच्या फाइलमध्ये साठवा. ते परत चढवता येत नाही, पण समोर ठेवून पुन्हा भरता येतं.

डेलच्या फाइलमध्ये पासवर्ड साधारणपणे येत नाहीत, मुद्दाम हॅश मागितले तरच येतात. परवान्याची फाइल वेगळी उतरवून ठेवा. फाइलचं नाव असं द्या की दोन वर्षांनी झोपेतून उठून वाचलं तरी कळेल: गाव, यंत्र, सर्व्हिस टॅग, फर्मवेअरची आवृत्ती, तारीख. 'बॅकअप-नवीन-फायनल-२' चालणार नाही. आणि ती त्याच सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर ठेवू नका. एक प्रत पासवर्ड लावून तुमच्याकडे, एक मालकाकडे पेनड्राइव्हवर. ही फाइल म्हणजे घराचा नकाशा आहे. ग्रुपवर टाकायची वस्तू नव्हे.

बॅकअप कधी? फर्मवेअर चढवण्याआधी आणि नंतर, खातं किंवा पत्ता बदलल्यावर, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी एकदा. मी दसऱ्याला शस्त्रपूजनाच्या दिवशीच उरकतो. यंत्रावर हळद-कुंकू पडायचंच असतं, फाइलही तेव्हाच निघते.

परत चढवून बघा

एखादी निरुपद्रवी गोष्ट बदला, समजा यंत्राचं नाव, आणि फाइल परत घाला. नाव पूर्वीचं झालं तर फाइल खरी. फर्मवेअरची आवृत्ती तीच असेल तर त्रास कमी होतो, म्हणूनच ती नावात लिहायची.

डेलची फाइल आयात करताना रेडचा भाग वगळा. त्यातल्या सूचनांनी डिस्कची रचना पुसली जाऊ शकते, आणि बायोस सुधारायला गेलेला माणूस डेटा घालवून परत येतो. आयात करण्याआधी पूर्वतपासणीचा पर्याय असतो, तो वापरा.

माझी एक चूक सांगतो. एकाच बनावटीचे दोन सर्व्हर होते. कष्ट वाचवायला पहिल्याची फाइल दुसऱ्यावर चढवली. फाइलमध्ये पत्ताही होता, म्हणजे दोघांचा आयपी एकच. वेब पान कधी याचं उघडायचं, कधी त्याचं, दिसायला अगदी सारखं. मी रिकाम्या सर्व्हरला 'पॉवर ऑफ' दिलं आणि पलीकडून हिशेबनीस ओरडला. तेव्हापासून दुसऱ्या यंत्रावर घालण्याआधी फाइल उघडून पत्ता आणि नाव हाताने बदलतो, आणि बटण दाबण्याआधी पानावरचा सर्व्हिस टॅग मोठ्याने वाचतो.

बीएमसीच अडकला तर

होतं तसं. पान उघडत नाही, पण सर्व्हर मात्र मजेत चालू असतो. घाबरू नका, बीएमसी रीसेट केल्याने मुख्य सर्व्हर बंद पडत नाही. लिनक्समधून आयपीएमआयटूलची 'एमसी रीसेट कोल्ड' ही आज्ञा द्या. ते जमत नसेल तर डेलमध्ये ओळखीच्या दिव्याचं (अनेक यंत्रांतून नेमकं एक ओळखू यावं म्हणून असलेल्या दिव्याचं) बटण सोळा सेकंद दाबून धरायचं, एचपीईत तसंच यूआयडी नावाचं बटण पाच ते नऊ सेकंद. काही यंत्रांत पंखे थोडा वेळ विमानासारखे घोंगावतात, मग शांत होतात. अगदीच हटून बसला तर सर्व्हर नीट बंद करून दोन्ही पॉवर केबल काढा आणि दोन मिनिटांनी लावा.

तेवढ्यासाठी मात्र जागेवर माणूस लागतो, आणि तिथे तो ओळखीचा दिवा कामी येतो. बीएमसीच्या पानावरून हा दिवा दुरूनच लावता येतो. गेल्या हंगामात परभणीला एका सर्व्हरचा एक पॉवर सप्लाय गेला. नोंदवहीत दिसलं, जोडीचा दुसरा चालू होता, पण गेलेल्याची केबल सैल आहे का ते बघायचं होतं. वॉचमन तोच. घरून दिवा लावला आणि फोन केला.

"कपाटात निळा दिवा कुठं लुकलुकायलाय का?"

"व्हय सायेब, खालून दुसरा डबा."

"त्याच्या मागं दोन काळ्या वायरी हायेत. डावीकडची जरा दाबून बघा."

माझ्या स्क्रीनवर लाल ओळ हिरवी झाली. "बसली का?" त्याने विचारलं.